ओझ्यांची वाट: साजगावपासून राजमाचीपर्यंत

कार्तिकी एकादशीच्या सुमारास खोपोलीहून पालीच्या रस्त्याला लागलं की विठोबाच्या देवळाचा कळस दिसायच्या आधी सुक्या मासळीचा वास येतो. साजगाव-ताकईची यात्रा पंधरा दिवस चालते आणि तेवढे दिवस हा वास अंगावरच्या कपड्यांतून जात नाही. पंचक्रोशी या देवस्थानाला धाकटी पंढरी म्हणते. पण प्रेमानं हाक मारायची तर लोक सरळ ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी मासळीच्या ढिगांमधून वाट काढत देवळाकडे जातो, डोकं टेकवतो आणि त्याच वाटेनं परत येतो.

बोंबील हातात घेऊन बघण्यासारखा असतो. ताजा असताना तो हातात ठरत नाही, इतका पाणीदार. किनाऱ्यावर दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून बांबूच्या मांडवावर टांगतात. ऊन आणि खारा वारा त्यातलं सगळं पाणी ओढून घेतात आणि उरतो तो वाळक्या काटकीसारखा हलका, वीतभर मासा. घाटावरून आलेली बाई तो घेताना आधी वाकवून बघते. कडकन मोडला तर नीट वाळलेला. लवला तर आत ओल आहे, घरी नेऊन टिकायचा नाही. मग नाकाशी धरते, मूठभर उचलून वजनाचा अंदाज घेते आणि त्यानंतर भावाला तोंड फोडते. शेजारी जवळा, सोडे, वाकट्या, खारवलेले बांगडे. पलीकडे घोंगड्यांची थप्पी. चिंचोक्याच्या खळीनं ताठ झालेली नवी घोंगडी उलगडली की तिचा वेगळाच करकरीत आवाज येतो. आणखी पुढे बैलबाजार, जिथं बैलाचं तोंड उघडून दात मोजल्याशिवाय कुणी दावं सोडत नाही.

मासा वाळवायचा तो पावसाळ्याच्या बेगमीसाठी, हे खरंच. पण दुसरंही एक कारण आहे: त्याला डोंगर चढायचा असतो. घोंगडीला डोंगर उतरायचा असतो. ही दोन ओझी ज्या जागी एकमेकांना भेटतात ती जागा म्हणजे साजगाव. या गावाचा इतिहास शोधायला मी बखरींकडे वळलो तेव्हा राजे-सरदार भरपूर भेटले. पण त्या सगळ्यांना एका धाग्यात ओवणारी गोष्ट ही पाठीवरची गोणीच आहे, असं माझं मत होत गेलं.

देवळाची कथाही ओझ्याचीच आहे. देहूचे तुकाराम महाराज मिरच्यांची गोणी घेऊन कोकणात व्यापाराला उतरले, असं परंपरा सांगते. महिपतीनं लिहिलेल्या त्यांच्या चरित्रातही हा प्रसंग येतो. मिरच्यांचा ढीग मांडून महाराज नामस्मरणात बसले; गावकऱ्यांनी हवा तसा माल मोजून नेला, कुणी पैसे दिले, कुणी उधारीवर ठेवले. मग देव स्वतः चाकराच्या रूपानं दारोदार गेला आणि त्यानं भक्ताची वसुली करून आणली. परतीच्या वाटेवर पुन्हा एका भामट्यानं सोन्याचा मुलामा दिलेली पितळी कडी गळ्यात मारून ते पैसेही नेले. साजगावकरांची श्रद्धा अशी, की मिरच्यांचा तो बाजार इथंच मांडला होता. मला या कथेत सर्वांत खरी वाटते ती तिच्यातली मिरची. देशावर पिकणारी, वजनाला हलकी, न नासणारी आणि कोकणात हमखास खपणारी मिरची हा घाट उतरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याचा नेमका माल होता. कथा रचणाऱ्याला बाजार ठाऊक होता.

देवळापासून पूर्वेला पाहिलं तर सह्याद्रीची भिंत उभी दिसते आणि तिच्यावर नागफणीचा सुळका. पश्चिमेला पनवेल, पेण, उरणच्या खाड्या. तिथवर गलबतं येत. खाडीच्या काठची मिठागरं मीठ पिकवत आणि मिठाशिवाय घाटावरची एकही चूल चालत नसे. पनवेलहून निघालेली बैलांची रांग चौक, खालापूर करत खोपोलीला पोचायची आणि समोर ती भिंत यायची. चढायच्या आधी बैलांना विश्रांती हवी, पाणी हवं, माणसांना भाकरी हवी. उतरून आलेल्यांनाही तेच हवं. पुढे पेशवाईत नाना फडणवीसांनी खोपोलीला मोठा तलाव बांधला आणि काठावर महादेवाचं देऊळ उभारलं, ते अगदी योग्य जागी. दोन्ही आजही आहेत. त्या तलावाच्या पायऱ्यांवर बसलं की हे बांधकाम दमलेल्या पायांसाठी केलेलं आहे, हे कुणी न सांगता कळतं.

ही वाट मराठ्यांनी शोधलेली नाही. तुकोबांच्या आधी सोळा-सतराशे वर्षं ती चालू होती. वर कार्ले, भाजे, बेडसे आणि खाली कर्जतच्या अंगाला कोंढाणे, अशी बौद्ध लेणी या वाटांच्या कडेनं कोरलेली आहेत. कार्ल्याच्या चैत्याला दान देणाऱ्यांत वैजयंतीचा भूतपाल नावाचा श्रेष्ठी आहे आणि धेनुकाकटचे यवनही आहेत. कोंढाण्याला एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी अक्षरांत एक ओळ आहे. हे काम कण्हाच्या शिष्यानं, बलकानं केलं, एवढंच ती सांगते. इसवी सनापूर्वीच्या त्या कारागिराचं नाव अजून वाचता येतं. पावसाळ्यात चैत्याच्या कमानीवरून पाण्याची धार पडते आणि आत उभं राहिलेला माणूस पडद्याआडून जंगल बघतो.

कोंढाण्याच्या लेण्यांवरून वर चढत जाणारी पायवाट दोन-अडीच तासांनी एका गावात शिरते. त्या गावाचं नाव उधेवाडी, पण सगळे राजमाचीच म्हणतात. हे गाव किल्ल्याच्या माचीवरच वसलंय. वर श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले, दोघांच्या मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ, पुढ्यात दीपमाळा; थोडं खाली उदयसागर तलाव, काठाला महादेवाचं जुनं दगडी देऊळ आणि गोमुखातून पडणारं पाणी. मनरंजनवर छप्पर उडालेल्या एका दगडी वास्तूच्या दारावर गणपती आहे. श्रीवर्धनच्या दुहेरी तटाच्या बुरुजात दोन भिंतींच्या मधल्या बोळातून चालता येतं; आत भर दुपारीही गार असतं. किल्ला सरकारी कागदात पुणे जिल्ह्यात, मावळात आहे. पण इथल्या कितीतरी पिढ्यांचा बाजार खाली कर्जतला. गावाचे पाय कोकणात आणि डोकं देशावर, असंच म्हणावं लागेल.

इटलीत तस्कनी प्रांतात सान जिमिन्यानो नावाचं टेकडीवरचं एक गाव आहे. रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंची मोठी वाट त्याच्या पोटातून जात होती. त्या वाटेवर ते श्रीमंत झालं आणि तिथल्या घराण्यांनी एकमेकांच्या ईर्ष्येनं सत्तरेक उंच मनोरे बांधले. १३४८ साली प्लेग आला, १३५३ मध्ये गाव फ्लॉरेन्सच्या ताब्यात गेलं, वाटही हळूहळू दुसरीकडे वळली. नवं काही बांधायला पैसाच उरला नाही आणि म्हणून जुनं टिकलं. आज चौदा मनोरे उभे आहेत आणि जगभरातून लोक ते बघायला जातात. राजमाचीचा विचार करताना मला ते गाव आठवतं. इथं मनोरे नाहीत, कातळ आहे, कारवी आहे, कौलारू घरं आहेत. पण वाटेनं मोठं केलं आणि वाट वळल्यावर जसंच्या तसं मागे राहिलं, हा क्रम दोन्हीकडे एकच.

वाटेचा पहारा करणं हेच राजमाचीचं काम होतं. श्रीवर्धन समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या आसपास. माथ्यावरून एका बाजूला लोहगड-विसापूर, दुसऱ्या बाजूला ढाकचा कडा, समोर नागफणी आणि खंडाळ्याचा घाट, म्हणजेच बोरघाट. खाली उल्हास नदीचं अख्खं खोरं. घाटातून चढणारं काही या डोळ्यांतून सुटत नसे. म्हणून ज्याला बोरघाट हवा त्याला राजमाची लागे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेताना शिवाजी महाराजांनी लोहगड, विसापूर, तुंग, तिकोन्याबरोबर राजमाचीही घेतली. १७०४ साली ती औरंगजेबाकडे गेली, पुढच्याच वर्षी मराठ्यांकडे परत आली. १७१३ च्या सुमारास शाहू महाराज आणि कान्होजी आंग्रे यांच्यात समझोता झाला तेव्हा ती आंग्र्यांकडे होती. पुढे पहिल्या बाजीरावाकडे आली.

मधली एक तारीख मात्र साजगावच्या जवळची आहे. २ फेब्रुवारी १६६१. पालीच्या रस्त्यानं पुढे जाऊन चावणी गावाकडे वळलं की अंबा नदीच्या पात्रात एक स्मारक दिसतं, ती उंबरखिंड. शायिस्ताखानानं कोकण जिंकायला पाठवलेला कारतलबखान लोहगडाच्या पायथ्यावरून आला आणि नेहमीचा घाट टाळून कुरवंड्याच्या वाटेनं खाली उतरला. बरोबर रायबागन नावाची शूर सरदारीण होती. तोफा, तंबू, खजिना, जनावरं असं लटांबर घेऊन ते सैन्य दाट रानातल्या अरुंद वाटेत शिरलं. पुढे मराठे, मागे मराठे, बाजूच्या उतारांवर मराठे आणि प्यायला पाणी नाही. रायबागननं खानाला शरण जायचा सल्ला दिला आणि खानानं तो मानला. महाराजांनी त्याला जिवंत जाऊ दिलं. अट एकच, खंडणी द्यायची आणि बरोबरचं सगळं सामान तिथंच टाकून जायचं. या वाटेवरच्या इतिहासात मला ही अट फार अर्थपूर्ण वाटते. इथली खिंड ज्याच्या हातात, त्याला माणसं मारावी लागत नाहीत. ओझं उतरवून घेतलं की पुरतं.

राजमाचीच्या नशिबी आलेला सर्वांत विलक्षण प्रसंग मात्र १७७६ चा आहे.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ गर्दीत शिरले, ते परत दिसले नाहीत. मिळालेला देह त्यांचाच, याबद्दल अनेकांच्या मनाची खात्री पटली नाही. पुण्यात त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करलं नाही. पानिपतानंतर महाराष्ट्रात अशी कितीतरी घरं होती, जिथं कुंकू पुसायचं की नाही हेच कळत नव्हतं. गेलेला माणूस गेला म्हणायचं कशाच्या आधारावर? अशा काळात उत्तरेकडून एक माणूस आला आणि म्हणाला, मीच भाऊ. हा सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण होता. माधवराव पेशव्यांनी त्याची चौकशी करवली, तोतया ठरवला आणि किल्ल्यांवर कैदेत टाकला. एका किल्ल्यावरून दुसऱ्यावर हलवत तो शेवटी रत्नागिरीला पोचला.

१७७६ च्या सुरुवातीला रत्नागिरीच्या रामचंद्र नाईक परांजप्यांनी त्याला बाहेर काढलं आणि भाऊसाहेब म्हणून उभं केलं. वेळ अचूक होती. पेशवा सवाई माधवराव दोन वर्षांचा. कारभार नाना फडणवीस आणि सखारामबापूंच्या हातात. राघोबादादा इंग्रजांच्या आसऱ्याला. पाळण्यातल्या धन्यापेक्षा पानिपताहून परतलेला भाऊ कुणाला नको होता? कोकणातल्या किल्ल्यांनी एकामागून एक दारं उघडली. किल्लेदार येऊन मिळाले, हजारोंची फौज जमली. या सगळ्यांना मूर्ख म्हणणं सोपं आहे. मला त्यांच्यात पंधरा वर्षं दाराकडे डोळे लावून बसलेली घरं दिसतात.

तोतयाची फौज कोकणातून या घाटाच्या तोंडाशी आली. बोरघाटात पुणे दरबारनं काही तोफा आणि पाचशेक माणसं ठेवली होती. त्यांनी काही काळ अडवून धरलं. मग चौकी पडली आणि बहुतेक शिबंदी कापली गेली. घाट मोकळा झाला. वर चढलं की खंडाळा, मावळ आणि मग पुणं, मध्ये अडवायला मोठं काही नाही. आणि नेमका इथं, राजमाचीला, तो थांबला.

थांबवलं ते पुण्याहून आलेल्या गोड बोलण्यानं. आम्ही आपल्याला मानतो, शरण येतो, अशी बोलणी सुरू झाली. त्याला ती खरी वाटली. मला यात नवल वाटत नाही. जो माणूस बारा-तेरा वर्षं ‘मला ओळखा’ एवढंच म्हणत आला, त्याला पुण्यानं ‘ओळखलं’ म्हटल्यावर पुढे चालायचं कारण उरत नव्हतं. तो बोलणी करत बसला आणि तेवढ्यात महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांची फौज येऊन आदळली. जमलेला जमाव जसा चढला तसा घाट उतरून कोकणात पांगला. तोतया समुद्राकडे पळाला, गलबतात चढला. शेवटी कुलाब्याच्या आंग्र्यांनी त्याला धरून पुण्याला पाठवलं. डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहान्ताची शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी पुढे ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं आणि ही हकीकत घरोघर पोचली. पण त्या बंडाचा निकाल राजमाचीच्या आसमंतात लागला, हे तिथं तंबू ठोकायला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. पार्वतीबाई पुढे काही वर्षं जगल्या. त्यांनी हे सगळं कसं ऐकलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

दोनच वर्षांनी इंग्रज याच वाटेनं राघोबादादांना घेऊन चढले. तोफा आणि सामानानं लादलेले हजारो बैल घाटातून ओढून नेताना त्यांचे दिवसच्या दिवस गेले. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट पडला. त्याच्या शौर्यावर खूश होऊन मराठ्यांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटलं होतं. १६ जानेवारीला वडगावचा तह करून ते खाली उतरले. घाट कसा असतो, हे मात्र ते विसरले नाहीत. १८०४ मध्ये जनरल वेलस्लीनं तोफा नेण्याजोगा रस्ता करवला. १८१८ मध्ये राजमाची न लढता इंग्रजांच्या हातात गेली. आणि १० नोव्हेंबर १८३० ला गव्हर्नर माल्कमनं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. त्या दिवसापासून बैलाच्या पाठीवरची गोणी गाडीत गेली. घाटावर पाळत ठेवायला कड्यावरच्या डोळ्यांची गरज उरली नाही.

रेल्वे १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आली. काही वर्षं मुंबईहून आलेला उतारू इथं उतरून पालखीतून किंवा गाडीतून घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडी धरायचा. मग पळसदरीहून बोगदे खोदत मुख्य लोहमार्ग थेट वर गेला; १८६३ मध्ये तो सुरू झाला आणि खोपोली फाट्यावरचं स्टेशन झालं. त्या चढावर एका वेळी चाळीस हजारांवर मजूर राबले. पटकीनं माणसं पटापट मेली. मजुरी थकल्यामुळे १८५९ मध्ये दंगाही झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर काही आठवड्यांतच गेला, तेव्हा त्याच्या विधवेनं, अ‍ॅलिसनं, ते कंत्राट पुढे चालवलं. तिचं नाव कागदोपत्री आहे. घाटाची वाट ज्या धनगरानं साहेबाला दाखवली असं इथली माणसं सांगतात, त्या शिंग्रोबाचं नाव कागदात सापडो न सापडो, जुन्या घाटरस्त्यावर त्याचं देऊळ आहे. ट्रकवाले गाडी हळू करतात आणि नाणं टाकतात.

पुढे पाणीही ओझं होऊन खाली आलं. लोणावळ्याच्या धरणांतलं पाणी टाटांनी नळांतून सव्वापाचशे मीटर खाली सोडलं आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. कारखाने आले, ते साजगावच्या शिवारापर्यंत पसरले. २००२ पासून द्रुतगती मार्गावरून गाड्या खोपोलीत न शिरता निघून जातात.

राजमाचीला यातलं काही शिवलं नाही. वाट सोडून गेली ती गेलीच. आता पावसाळ्याच्या तोंडाला काजवे बघायला शहरातून गर्दी चढते. गावातल्या बायका ओसरीवर पिठलं-भाकरी वाढतात. रात्री समोरच्या घाटात आगगाडीचा उजेड सरकताना दिसतो.

साजगावचा बाजार मात्र मोडला नाही, याचं मला खरोखर समाधान आहे. मिठाचे तांडे गेले, मिरची ट्रकमधून थेट मुंबईला जाते, बैलांचं काम ट्रॅक्टरनं घेतलं. तरीही कार्तिकात कोळणी पाट्या घेऊन येतात, घोंगडीवाले थप्पी लावतात, आणि घाटावरच्या बाया वर्षाची सुकी मासळी इथूनच नेतात. मागच्या यात्रेत एका म्हातारीला मी बोंबलांची जुडी बांधताना पाहिलं. तिनं जुन्या लुगड्याचा तुकडा बरोबर आणला होता. बोंबील डोक्याकडून एका बाजूला लावून तिनं जुडी घट्ट आवळली, गाठ दातानं ओढली, पिशवीत प्रसादाच्या पुड्याशेजारी ठेवली. ‘आजी, देवाच्या प्रसादाला वास लागेल की,’ मी म्हणालो. ‘देवाचाच हाय त्यो वास,’ ती म्हणाली आणि लोणावळ्याची यष्टी गाठायला उठली.